पत्ते, संभाव्यता आणि एक गाजलेले पुस्तक

जुगाराच्या पुस्तकाचा परिचय शिक्षकांसाठी निघणाऱ्या विज्ञानविषयक मासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. पण संभाव्यतेचे गणित जन्मले तेच मुळी जुगाराच्या प्रश्नांतून. १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्याचा विषय अर्धवट सोडलेल्या डावातील पैशांची वाटणी कशी करावी, हा होता. आपल्या पाठ्यपुस्तकांतही या प्रकरणाची सुरुवात नाणी, फासे आणि पत्ते यांनीच होते. फरक इतकाच, की तिथे पत्त्यांच्या कॅटातून एक पान काढले जाते, त्याची संभाव्यता लिहिली जाते आणि उदाहरण संपते. त्या पानावरून कोणालाही काही ठरवायचे नसते.

ज्या पुस्तकाविषयी इथे लिहायचे आहे, त्यात प्रत्येक पानागणिक काहीतरी ठरवावे लागते. पुस्तकाचे नाव ‘बीट द डीलर’, लेखक एडवर्ड थॉर्प. पहिली आवृत्ती १९६२ची, सुधारून वाढवलेली दुसरी १९६६ची. विषय : ब्लॅकजॅक, म्हणजेच एकवीसचा डाव. साठ वर्षांहून अधिक काळ हे पुस्तक ‘गणिताच्या जोरावर कॅसिनोला हरवणारे पुस्तक’ म्हणून ओळखले जाते. ही कीर्ती चुकीच्या कारणासाठी मिळाली आहे आणि पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग त्या कीर्तीखाली झाकला गेला आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यापूर्वी खेळाचे नियम पाहू.

नियम

खेळ डीलर (पाने वाटणारा, म्हणजे कॅसिनोचा माणूस) आणि खेळाडू यांच्यात असतो. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानाची किंमत त्यावरील आकड्याइतकी; गुलाम, राणी, राजा यांची प्रत्येकी १०; एक्क्याची १ किंवा ११, जी सोयीची असेल ती. खेळाडू आधी बाजी लावतो. मग दोघांना दोन-दोन पाने मिळतात. डीलरचे एक पान उघडे, दुसरे झाकलेले असते. पानांची बेरीज २१च्या शक्य तितकी जवळ न्यायची, पण २१ ओलांडायची नाही. ओलांडली की हात बाद.

खेळाडू आधी खेळतो. तो आणखी पान मागू शकतो किंवा थांबू शकतो. पहिल्या दोन पानांवर तो बाजी दुप्पट करून नेमके एकच पान घेऊ शकतो. दोन्ही पाने सारखी असतील, तर तेवढीच बाजी पुन्हा लावून जोडी फोडू शकतो व दोन हात खेळू शकतो. डीलरला मात्र निवड नसते. बेरीज १६ किंवा कमी असेल तर त्याने पान घ्यायचे, १७ किंवा अधिक झाली की थांबायचे. बरोबरी झाली तर बाजी परत. एक्का आणि दहाच्या किमतीचे पान अशी पहिलीच दोन पाने आली, तर तो ‘ब्लॅकजॅक’; त्याला मूळ नियमाप्रमाणे दीडपट रक्कम मिळते.

आता वर्गात विचारण्याजोगा पहिला प्रश्न : खेळाडूने डीलरचीच नक्कल केली, म्हणजे १६पर्यंत पान घेतले आणि १७ला थांबला, तर खेळ समसमान होईल का? बहुतेक विद्यार्थी ‘हो’ म्हणतील. दोघांचे नियम सारखे, कॅट एकच. पण एक गोष्ट राहून जाते. दोघेही बाद होतात तेव्हा बाजी परत मिळत नाही. खेळाडू आधीच बाद झालेला असतो आणि त्याचे पैसे उचललेले असतात. असा हात बाद होण्याची संभाव्यता सुमारे २८ टक्के. दोघे बाद होण्याची ०.२८ × ०.२८, म्हणजे सुमारे ८ टक्के. हा कॅसिनोचा फायदा. ब्लॅकजॅकच्या दीडपट रकमेमुळे यातले सव्वादोन-अडीच टक्के खेळाडूकडे परत येतात. उरलेला साडेपाच टक्क्यांच्या आसपासचा तोटा केवळ ‘आधी कोण खेळतो’ यातून निर्माण होतो. गुणाकाराचा नियम इतक्या अर्थपूर्ण रीतीने वापरणारे उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

चार जणांचे काम

या तोट्यातून वाट काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न थॉर्पचा नव्हे. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे चौघे अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील ॲबर्डीन येथे सैन्यात नोकरीला होते. फावल्या वेळात, टेबलावरच्या साध्या आकडेमोड यंत्रांवर, सुमारे दीड वर्ष खपून त्यांनी एक प्रश्न सोडवला : माझी दोन पाने आणि डीलरचे उघडे पान एवढीच माहिती असताना प्रत्येक परिस्थितीत सर्वांत चांगला निर्णय कोणता? त्यांचा छोटासा निबंध १९५६ साली अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यातून जी तयार झाली ती ‘मूलभूत रणनीती’. थोडक्यात ती अशी :

डीलरचे उघडे पान २ ते ६ असेल तर आपल्या १२ ते १६ बेरजेवर थांबावे (अपवाद : १२ असून डीलरची दुर्री किंवा तिर्री असेल तर पान घ्यावे). डीलरचे ७ ते एक्का असेल तर १२ ते १६वर पान घ्यावे. १७ किंवा अधिकवर थांबावे. एक्का ११ धरून बेरीज १७ किंवा कमी होत असेल तर कधीच थांबू नये. एका पानाने असा हात बाद होऊच शकत नाही. ११वर बाजी दुप्पट करावी. १०वर, डीलरचे पान ९पर्यंत असेल तर. एक्के आणि अठ्ठ्या नेहमी फोडाव्यात. पंज्या आणि दश्श्या कधीच फोडू नयेत. (टेबलाच्या नियमांनुसार यात किरकोळ फरक पडतात.)

हे नियम पाठ करायला सोपे आहेत; महत्त्व त्यांच्या कारणांना आहे. डीलरचे उघडे पान ६ असेल तर तो बाद होण्याची संभाव्यता सुमारे ४२ टक्के. १० असेल तर सुमारे २१ टक्के, म्हणजे निम्मी. म्हणून छक्कीसमोर स्वतः बाद होण्याचा धोका पत्करण्यापेक्षा वाट पाहणे बरे.

आता सर्वांत अवघड हात घ्या : आपली बेरीज १६, डीलरची दश्शी. पान घेतले तर ६ किंवा त्याहून मोठे प्रत्येक पान आपल्याला बाद करते. संभाव्यता १३पैकी ८, म्हणजे ६२ टक्के. थांबलो तर डीलर बाद झाला तरच आपण जिंकतो. डीलरचा ब्लॅकजॅक नाही हे कळल्यानंतरचा हिशेब केला, तर दोन्ही वाटांनी प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी ५४ रुपयांचा तोटा आहे. पान घेण्यातला तोटा किंचित, अगदी काही पैशांनी, कमी. म्हणून नियम ‘पान घ्या’ असा. हाच १६ दोन अठ्ठ्यांचा असेल तर जोडी फोडल्याने तोटा ५४वरून ४८च्या आसपास येतो. तो नफा नव्हे. पण ४८ रुपये घालवणे हे ५४ घालवण्यापेक्षा चांगले, आणि योग्य निर्णय म्हणजे तेवढेच.

हे विद्यार्थ्यांना पटवणे कठीण जाते. ‘योग्य निर्णय घेतला तर जिंकलोच पाहिजे’ अशी आपली सर्वांचीच धारणा असते. पान घेतले, राजा आला, बाद झालो, की लगेच ‘थांबायला हवे होते’ असे वाटते. पण तो राजा निर्णय घेताना दिसत नव्हता. निर्णयाची पारख त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवरून करायची, पुढे पडलेल्या पानावरून नाही. मृगाच्या पहिल्या पावसावर पेरलेले वाया गेले, तर गाव शेतकऱ्याला ‘घाई केली’ म्हणते. तोच पाऊस टिकला, तर ‘वेळ साधली’ म्हणते. निर्णय तोच, माहिती तीच. या एका भेदासाठी ब्लॅकजॅक वर्गात आणावे, असे मला वाटते.

चौघांच्या निबंधाचा निष्कर्षही तितकाच प्रामाणिक होता. सर्वोत्तम खेळूनही शंभर डॉलरमागे सरासरी ६२ सेंट तोटा होईल, असे त्यांचे गणित सांगत होते. ‘तुम्ही हराल, पण फार थोडे’ असे सांगणारा निबंध गाजणे शक्यच नव्हते.

थॉर्पची भर

गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या थॉर्पला या निबंधाची माहिती एका सहकाऱ्याकडून मिळाली. १९५८च्या नाताळच्या सुट्टीत तो लास व्हेगासला गेला, तेव्हा रणनीतीचा तक्ता एका छोट्या कार्डावर लिहून दहा डॉलर घेऊन टेबलाशी बसला. त्यातले साडेआठ डॉलर गेले. पुढे त्याने बाल्डविनला पत्र लिहून मूळ आकडेमोड मागवली आणि ती त्याला मिळालीही. एमआयटीत गेल्यावर आयबीएम ७०४ संगणकावर त्याने पुढचा प्रश्न घातला : कॅटातून काही पाने आधीच निघून गेली असतील तर?

थॉर्पचे खरे योगदान हा प्रश्न आहे. नाण्याला स्मरणशक्ती नसते. पाच वेळा छापा पडला म्हणून सहाव्या वेळी काट्याची शक्यता वाढत नाही, हे आपण वर्गात ठासून सांगतो. पण कॅटाला, पुन्हा पिसेपर्यंत, एक प्रकारची स्मरणशक्ती असते. चारही एक्के निघून गेले असतील तर पुढच्या हातात ब्लॅकजॅक येणे अशक्य. थॉर्पच्या संगणकाने दाखवले, की कॅटातून चारही पंज्या काढल्या आणि त्यानुसार खेळ बदलला, तर खेळाडूचा फायदा सुमारे सव्वातीन टक्के होतो. पंजी हे डीलरचे सर्वांत उपयोगी पान. १२ ते १६ या त्याच्या अडचणीच्या बेरजा ती १७ ते २१वर नेऊन ठेवते. १९६१ साली हा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला; तो तिथे सादर करणारे होते माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन.

या कल्पनेचे सर्वांत छोटे उदाहरण फळ्यावर पाच मिनिटांत होते. डीलरचे उघडे पान एक्का असेल तर ‘विमा’ देऊ केला जातो. वेगळी रक्कम लावायची. झाकलेले पान दहाच्या किमतीचे निघाले तर तिच्या दुप्पट मिळतात, नाहीतर ती जाते. आपल्याजवळ दोन दश्श्या असतील तर लोक ‘चांगला हात सांभाळावा’ म्हणून हमखास विमा घेतात. हिशेब करा. एकच कॅट, तीन पाने दिसली, ४९ उरली. त्यांत दहाच्या किमतीची १४. दर वेळी एक रुपया लावला तर ४९ वेळांत मिळतील २८ रुपये, जातील ३५. रुपयामागे सातवा हिस्सा तोटा! हातात दहाचे एकही पान नसेल तर अशी पाने १६ उरतात. मिळतील ३२, जातील ३३. म्हणजे हात जितका देखणा, तितका विमा महाग. आणि उरलेल्या पानांत दहाची पाने एकतृतीयांशाहून अधिक असतील, तर हाच विमा फायद्याचा होतो. थॉर्पचे सारे पुस्तक या एका ओळीचा विस्तार आहे.

पुस्तकाचे गुणदोष

पुस्तकाची भाषा स्वच्छ आहे. नियम, रणनीती आणि पाने मोजण्याच्या पद्धती क्रमाने येतात. आकड्यांचे तक्ते वाचकाला पडताळता येतात. गणिताचा फारसा सराव नसलेल्या वाचकाला सोबत घेऊन जाण्याची थॉर्पची हातोटी आपण शिक्षकांनी शिकावी अशी आहे.

पहिला दोष असा, की तक्ते आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्यामागची आकडेमोड वाचकाच्या हाती येत नाही. संगणकाने काढलेल्या उत्तरांबाबत हे काहीसे अटळ आहे. तरी एकदोन हात पूर्ण सोडवून दाखवता आले असते. परिणामी हजारो वाचकांनी तक्ता पाढ्यांसारखा घोकला. घोकंपट्टीने टेबलावर काम भागते, शिक्षण होत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पुस्तकाचे सर्वांत रंगलेले प्रकरण नेवाडातील सफरीचे आहे. दोन धनाढ्य जुगाऱ्यांनी (पुस्तकात त्यांना ‘क्ष’ आणि ‘य’ म्हटल्यासारखीच अक्षरे दिली आहेत) दहा हजार डॉलरचे भांडवल पुरवले आणि त्यात अकरा हजारांची भर पडली. पुस्तकाची ख्याती या हकीकतीवर उभी आहे. पण ही हकीकत म्हणजे केवळ एक नमुना! एकेका हाताचे प्रमाण विचलन बाजीच्या सुमारे १.१ पट असते. मोजणाऱ्या खेळाडूचा फायदा सरासरी एक टक्का धरला, तर शंभर हातांत अपेक्षित नफा एका बाजीचा आणि प्रमाण विचलन अकरा बाज्यांचे. म्हणजे शंभर हातांनंतर असे खेळाडू शंभरात सुमारे ४६ वेळा तोट्यातच असतील. दहा हजार हात खेळले, ताशी साठ हात धरले तर १६५ तासांहून अधिक, तरीही शंभरातले अठराएक जण तोट्यात राहतील. भांडवल संपून डाव मोडण्याच्या धोक्याची जाणीव थॉर्पला आहे, बाजी किती लावावी याचा विचारही तो करतो. पण पुस्तकाचा सूर तो नाही. सूर विजयाचा आहे.

यातला विरोधाभास पाहा. पानावरून निर्णयाची पारख करू नका, हे रणनीतीचे प्रकरण शिकवते; आणि पुस्तकाची पारख मात्र एका सफरीत पडलेल्या पानांवरून होते. अकरा हजारांची कमाई रणनीतीचा पुरावा मानायची, तर पहिल्या वेळी गेलेले साडेआठ डॉलरही तिच्याविरुद्धचा पुरावा मानावे लागतील. खरे तर दोन्ही पुरावे नव्हेत. पुरावा आकडेमोडीत आहे.

तिसरा मुद्दा फसवणुकीचा. डीलर पाने कशी लपवतात, वरचे सोडून दुसरे पान कसे देतात, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. थॉर्पने असे प्रकार ओळखणारा जाणकार सोबत नेला होता, हे त्याच्या बाजूचे. पण ज्याच्यासोबत जाणकार नाही असा वाचक काय करील? हरला की ‘फसवले’ म्हणेल, जिंकला की ‘पद्धत खरी’ म्हणेल. कोणताही निकाल ज्याला खोटे पाडू शकत नाही, तो सिद्धान्त विज्ञानाचा राहत नाही. हा धोका थॉर्पने स्पष्ट सांगायला हवा होता.

आज काय उरले?

पुस्तकाचा धसका घेऊन १९६४च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियम कडक केले, गिऱ्हाईक घटले म्हणून काही आठवड्यांतच ते मागे घेतले. पुढे त्यांनी शांतपणे कॅट वाढवले, पिसणारी यंत्रे आणली. अनेक टेबलांवर ब्लॅकजॅकला दीडपटीऐवजी पाचास सहा असा दर आला. दिसायला लहान असलेला हा बदल किती महाग? ब्लॅकजॅक येण्याची संभाव्यता एका कॅटात २ × (४/५२) × (१६/५१), म्हणजे सुमारे ४.८ टक्के, डीलरचाही ब्लॅकजॅक येऊन होणारी बरोबरी वगळून साडेचार धरू. प्रत्येक वेळी ०.३ बाजी कमी मिळते. गुणाकार सुमारे १.४ टक्के. चौघांच्या दीड वर्षाच्या श्रमांनी जो तोटा ०.६२ टक्क्यांवर आणला होता, त्याच्या दुपटीहून अधिक तोटा एका पाटीवरचा आकडा बदलून परत आला! गोव्यात १९९६च्या कायदेबदलानंतर मांडवीतील जहाजांवर असे टेबल सुरू झाले. तिथे जाणाऱ्या मराठी माणसाला हा गुणाकार येत असेल, तर पुस्तकातील सगळ्या ‘पद्धतीं’पेक्षा तो अधिक पैसे वाचवील.

म्हणून माझी शिफारस अशी : जिंकण्याच्या आशेने हे पुस्तक वाचू नये. रणनीतीचे प्रकरण आणि तक्ते वाचावेत. सफरीचे प्रकरण उदाहरण म्हणून वाचावे, पुरावा म्हणून नव्हे.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. पैसे नकोतच, चिंचोकेही नकोत. वहीतल्या रेघा पुरेत. विद्यार्थ्यांचे गट करा, प्रत्येकाला एक कॅट. निम्म्या गटांनी एक छक्की, उरलेल्यांनी एक दश्शी ‘उघडे पान’ म्हणून बाजूला ठेवावी. उरलेली ५१ पाने पिसून, डीलरच्या नियमाप्रमाणे १७ होईपर्यंत ओढावीत आणि बाद झाले की रेघ मारावी. पाने परत मिसळून, पुन्हा पिसून, असे पन्नास वेळा. छक्कीच्या गटांत २१च्या, दश्शीच्या गटांत १०-११च्या आसपास रेघा अपेक्षित आहेत. एखाद्या छक्कीच्या गटात पंधराच येतील, शेजारच्यात सव्वीस येतील. ‘आमचे चुकले का, सर?’ असे मुले विचारतील. तेव्हा सगळ्या गटांच्या रेघा फळ्यावर एकत्र करा आणि बेरीज कुठे स्थिरावते ते पाहू द्या. मग विचारा : पंधरा रेघा आलेल्या गटाने यापुढे छक्कीसमोर वेगळा निर्णय घ्यावा का? या प्रश्नावर जी चर्चा होईल, ती संभाव्यतेच्या प्रकरणातील कोणत्याही सोडवलेल्या उदाहरणाहून पुढे जाणारी असेल.